वेखंडाची कांडी

पुण्यात भुतांचा विषय निघाला की बोलणं शनिवारवाड्यावर येतं. ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना वाड्यातच मारलं. ते अवघे १८ वर्षांचे होते. अवसेच्या रात्री तिथून ‘काका, मला वाचवा’ अशी आर्त हाक येते, असं पुणेकर पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले.

पण आज मला बोलायचं आहे ते घरात शिरणाऱ्या भीतीविषयी. पुण्यातली गुरुवार पेठच घ्या. तिचं जुनं नाव वेताळ पेठ. भुतांचा राजा वेताळ शेजारी आणि पिंपळावर मुंजा, म्हणजे मुंज होऊन लग्नाआधी वारलेला मुलगा. तिन्हीसांजेला पोर किरकिरलं, अंग तापलं, की ‘बाहेरचं लागलं’ अशी शंका यायचीच.

मग मीठ-मोहऱ्या उतरून टाकल्या जात आणि आजीच्या बटव्यातून वेखंड निघे. खडबडीत, गाठीगाठीचं, उग्र वासाचं. सहाणेवर आईच्या दुधात त्याचे एक-दोन वेढे उगाळून बाळाला चाटवायचे, न्हाणं झालं की टाळूवर पूड दाबायची, मनगटाला कांडी बांधायची. पोटफुगीला वेखंड, सर्दीला वेखंड, लवकर वाचा फुटावी म्हणूनही तेच आणि भूत जवळ येऊ नये म्हणूनही तेच! यात आजीला काही विसंगत वाटत नसे. आयुर्वेदाच्या आठ अंगांतही भूतविद्या आहेच. शिवाय वेखंड ठेवलं की पोथ्यांना कसर लागत नाही, हे तिनं डोळ्यांनी पाहिलेलं. किडे पळतात, तर भूत का पळणार नाही?

त्या हातांतली माया मला फार मोलाची वाटते. तरी वेखंड बाळाच्या पोटात जाऊ देऊ नका. त्यातल्या बीटा-असारोन या द्रव्यानं प्रयोगातल्या उंदरांना गाठी झाल्या, म्हणून अमेरिकेनं १९६८ मध्ये खाद्यपदार्थांत वेखंडाला बंदी केली.

आणि एक उपाय तर निव्वळ छळ होता. झपाटली म्हणून एखाद्या बाईला कोंडायचं आणि मिरचीची धुरी द्यायची. गुदमरून ती ओरडली, की म्हणायचं, भूत बोलतंय. २० ऑगस्ट २०१३ रोजी याच पुण्यात अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्यानंतर राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, साखळीनं बांधणं, मिरचीची धुरी देणं हे आता गुन्हे आहेत. तुमच्या आळीत असं काही चाललेलं कळलं, तर त्याच घटकेला पोलीस चौकी गाठा.