निरोग्याचा दवाखाना



आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कारखान्याच्या गेटवर व वाचनालयाच्या बाकावर जास्त झाले. तेव्हा वैद्यकशास्त्र सांगण्याचा आव आम्ही आणत नाही. आजारी नसलेल्या माणसाने दवाखान्यात का जावे, आणि तो का जात नाही, एवढाच आमचा आजचा प्रश्न आहे.

लंडनच्या पेकहॅम वस्तीत 1926 साली दोन डॉक्टरांनी एक आरोग्यकेंद्र काढले. 1935 साली त्याला मोठी इमारत मिळाली. कुटुंबाने आठवड्याला एक शिलिंग भरायचा, तिथे पोहायचे, खेळायचे आणि ठराविक मुदतीने सर्वांनी तपासून घ्यायचे. आपल्याला काही झालेले नाही असे समजणाऱ्या पुष्कळांच्या अंगात दोष दडलेले आढळले. 1950 साली ते केंद्र बंद पडले. विचार मात्र टिकला. आपल्याकडे भोर समितीने 1946 च्या अहवालात उपचाराला प्रतिबंधाची जोड मागितली. 1978 साली आल्मा-आटाच्या परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेत आरोग्यसंवर्धनाला स्थान दिले. आज सरकारी आरोग्यकेंद्रांतून तिशी ओलांडलेल्यांचा रक्तदाब आणि साखर तपासण्याचा, तसेच तोंडाचा, स्तनांचा व गर्भाशयमुखाचा कर्करोग वेळीच हुडकण्याचा कार्यक्रम आहे.

मग अडते कुठे? पहिल्यांदा अडते ते घड्याळात. डोंबिवलीचा माणूस सकाळी डबा घेऊन लोकल गाठतो, तो दिवेलागणीनंतर परततो. सकाळचा दवाखाना तो गेल्यावर उघडतो आणि तो येण्याआधी मिटतो. खाडा करावा तर कंत्राटी कामगाराचा रोज बुडतो. 1948 च्या कामगार राज्य विमा कायद्याने आजारपणाचा भत्ता दिला, ही मोठीच कमाई. पण धडधाकट माणसाने तपासणीसाठी मोडलेला दिवस त्या भत्त्यात बसत नाही.

दुसरी अडचण भीतीची. एका कारखान्याच्या गेटवर पाळी सुटताना आम्ही रक्तदाब तपासण्याचे टेबल मांडले होते. एक गडी म्हणाला, "दादा, मला काही होत नाही, यंत्र कशाला लावता?" दुसऱ्याने हळूच विचारले, "हा कागद साहेबाकडे तर जाणार नाही ना?" पहिल्याला आम्ही सांगितले की, वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही, तो बोलतो तो एकदम पक्षाघातानेच. दुसऱ्याचा प्रश्न अधिक कठीण होता. दोष सापडला की कामावरून काढतील, असे ज्याला वाटते तो तपासायला येईल कशाला?

आणि तिसरी गोष्ट उपदेशाची. तंबाखू सोडा, मीठ कमी करा, हे सांगणे योग्यच आहे. पण रात्रपाळीत डोळा लागू नये म्हणून जो तंबाखू मळतो, त्याच्या पाळीचाही विचार व्हायला हवा. नुसते भिंतीवर फलक लावून आरोग्य वाढत नाही.

म्हणून आमचे मागणे तीन गोष्टींचे आहे. दवाखाना संध्याकाळी उघडा असावा. 2023 च्या महाराष्ट्र दिनी राज्यभर सुरू झालेल्या 'आपला दवाखाना' योजनेने ती वाट दाखवली आहे. तपासणीचा दिवस भरपगारी असावा. आणि तपासणीचा कागद कामगाराच्याच हातात राहावा.

वागळे इस्टेटपासून कल्याणपर्यंत तुम्ही आम्ही सारे याच रेल्वेलाईनचे रहिवासी. आठ तासांचा दिवस कोणी आपणहून दिला नाही. तो मागावा लागला. निरोगी राहण्याचा हक्कही तसाच मागावा लागेल, आणि तो आजारी पडण्याआधी मागावा लागेल.