देखण्या शब्दांची कुळकथा



शिरूर-दौंडकडच्या एखाद्या गुरांच्या बाजारात खुंट्यांपाशी घटकाभर उभे राहावे आणि नुसते ऐकावे. "खोंड देखणा हाय बरं का!" "उमदं जनावर!" "डौल बघा, रुबाब बघा!" तोच माणूस संध्याकाळी घरी येतो, मुलीसाठी पाहिलेल्या स्थळाचे वर्णन करतो, आणि शब्द तेच असतात. नवरा मुलगाही देखणा, उमदा आणि रुबाबदार. यात नवरदेवाचा अपमान नाही. ज्याने खिलार जोडी सांभाळली आहे, तो खोंडाला कधी हलके लेखत नाही.

आता या शब्दांचे घर शोधू. 'देखणा' आपला, प्राकृताच्या अंगणातला. देखणे म्हणजे पाहणे. पुढे मराठीने पाहणे आणि बघणे जवळ केले, पण देखणे गेले नाही; ते देखाव्यात राहिले, देखरेखीत राहिले आणि देखण्या माणसात राहिले. 'उमदा' मात्र अरबी, फारशीच्या वाटेने आलेला. 'रुबाब'ही तिकडचाच, त्याच्या मुळाशी धाक आहे, दरारा आहे. म्हणून मवाळ चेहऱ्याच्या माणसाला आपण गोड म्हणू, रुबाबदार म्हणणार नाही. 'सुरेख' हा शब्द गुरुजींना आवडावा असा आहे. सु म्हणजे चांगली, रेखा म्हणजे रेघ. ज्याची रेघ चांगली वळली तो सुरेख. फळ्यावरचे अक्षर सुरेख असते ते अगदी मूळ अर्थाने.

या भागात शब्दांची ये-जा फार. शिरूरला, म्हणजे आपल्या घोडनदीला, इंग्रजांची छावणी होती. १८१७ च्या ३१ डिसेंबरला कॅप्टन स्टाँटनची पलटण कोरेगावच्या रोखाने निघाली ती इथूनच. दौंडहून मनमाडकडे १८७८ मध्ये रेल्वे सुरू झाली आणि गाव जंक्शन झाले. छावणी काय, जंक्शन काय, तिथे चार मुलखांची माणसे एका नळावर पाणी भरतात. शब्द काही सोवळे पाळत बसत नाहीत.

आपल्या मराठ्यांनी तर शत्रूलाही असा एक शब्द बहाल केला. जानेवारी १७७९ मध्ये कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट नावाचा इंग्रज सरदार मारला गेला. त्याची मर्दुमकी पाहून आपल्या लोकांनी त्याला नाव दिले 'इष्टूर फाकडा'. फाकडा म्हणजे शूर आणि देखणा, दोन्ही एकदम. रूप आणि मर्दुमकी वेगळी न करणारा हा शब्द मला फार आवडतो.

आता खरी गंमत मिठाची. 'लावण्य' हा शब्द आपण किती नाजूकपणे उच्चारतो! पण त्याच्या पोटात आहे लवण, म्हणजे साधे मीठ. लावण्य म्हणजे मुळात खारटपणा. आपल्या घरातले 'लोणचे' त्याच लवणाचे लेकरू, आणि मीठ नसलेले ते 'अळणी', म्हणजे अ-लवण. तेव्हा लावण्यवती आणि लोणच्याची बरणी या सख्ख्या बहिणीच म्हणायच्या. हिंदीत सलोना म्हणतात, तो स-लवण, मीठ असलेला. बरे, हे आपल्यालाच सुचले असे नाही. अरबीत मिल्ह म्हणजे मीठ आणि मलीह म्हणजे सुंदर. फारशी आणि उर्दू कवी चेहऱ्यातल्या 'नमक'चे कौतुक करतात. ज्यांनी ज्यांनी चुलीपाशी बसून जेवण चाखले, त्यांना त्यांना उमगले की सगळे जिन्नस घातले आणि चिमूटभर मीठ राहिले तर स्वयंपाक फुकट. चेहऱ्याचेही तसेच. नाकडोळे यथास्थित असतात, पण काहीतरी नसते. ते काहीतरी म्हणजे लवण. आणि मूल फार गोजिरे दिसू लागले की आजी दृष्ट काढते तीही मीठमोहऱ्यांनीच! 'लावणी' ही लावण्यावरून आली असे काही जण म्हणतात, लावणे या क्रियापदावरून आली असे दुसरे म्हणतात. दौंड तालुक्यातल्या चौफुल्याच्या कला केंद्रांत लावणी ऐकणारा माणूस हा वाद मिटेपर्यंत थांबत नाही, आणि थांबूही नये.

शेतकरी बंधूंसाठी एक शब्द मुद्दाम राखून ठेवला आहे. 'आकर्षक'. वाटतो किनई अगदी शहरी, जाहिरातीतला? पण तो 'कृष्' या धातूचा. कृष् म्हणजे ओढणे आणि नांगरणेही. कृषी त्यातूनच आली. नांगर जमिनीतून ओढला जातो, तसे पाहणाऱ्याचे मन ओढले जाते, म्हणून आकर्षक. इंग्रजांचा ॲट्रॅक्टिव्ह हा शब्द लॅटिनमधल्या ओढण्यावरूनच निघाला, आणि त्याच ओढण्यावरून निघाला आपला ट्रॅक्टर. त्यांचा 'ग्लॅमर' तर शिक्षकांनी ऐकण्यासारखा आहे. ग्रॅमर, म्हणजे व्याकरण, याचेच ते स्कॉटलंडमधले रूप. अडाणी लोकांना पोथीविद्या म्हणजे जादूटोणा वाटे. त्यातून ग्लॅमर म्हणजे मंत्र, भूल, आणि शेवटी सिनेमानटीची मोहिनी. व्याकरणाच्या तासाला पेंगणाऱ्या मुलांना हे सांगून पाहावे.

पोरांच्या तोंडचा 'चिकना' हा शब्द ऐकून मोठी माणसे नाक मुरडतात. पण संस्कृतात चिक्कण म्हणजे तुळतुळीत, स्निग्ध. आपली चिकणमाती त्याच घरची. 'झकास' म्हटले तरी मला राग येत नाही. १९८५ च्या 'युद्ध' चित्रपटात अनिल कपूरने तो गाजवला, पण 'लई झ्याक' आपल्या खेड्यांतून चालतच होते. वहीत असा शब्द आला म्हणून तांबड्या शाईने खोडायची घाई करू नये.

एक शब्द मात्र मी खोडीन. एस.टी. स्टँडवर शाळा-कॉलेजच्या मुलींना उद्देशून 'माल' म्हणतात तो. माल हा अरबी शब्द, अर्थ मालमत्ता, धन, विकायची चीज. बाजारात बैल विकायला उभा असतो, तरी त्याचा धनी त्याला माल म्हणत नाही, नावाने हाक मारतो. मग शेजाऱ्याच्या लेकीला माल कोणत्या तोंडाने म्हणायचे? घरातल्या पोरांना हे वडीलधाऱ्यांनी विचारायला हवे.

आणि 'गोरीगोमटी'. लग्नाच्या जाहिरातीत हे दोन शब्द असे चिकटून बसले आहेत की गोमटे म्हणजे गोरेच असे मुलींना वाटू लागते. सावळी पोर चौथी-पाचवीतच आरशापुढून बाजूला होते. तिला गोमट्याची गोष्ट सांगा. श्रवणबेळगोळला दहाव्या शतकाच्या अखेरीस चामुंडरायाने बाहुबलीची सुमारे ५७ फुटांची मूर्ती करविली. ती गोम्मटेश्वराची मूर्ती म्हणून जगाला ठाऊक आहे. तिच्या पायाशी जुन्या मराठीतला लेखही आहे. डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी असे मांडले, की गोम्मट हे चामुंडरायाचे लाडके नाव, आणि त्याचा अर्थ आपल्या मराठी-कोकणीतला गोमटा, म्हणजे सुरूप. त्या दगडी गोमटेपणात गोरेपणाचा काय संबंध? गोमटा वेगळा, गोरा वेगळा. आमचा विठोबा सावळा, आणि तो सुंदर नाही असे म्हणणारा वारकरी मला अजून भेटायचा आहे.

जाता जाता 'चांगला' आणि 'बरा' यांचे भाग्य पाहा. प्राकृतात चंग म्हणजे सुंदर. बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या देशी शब्दांच्या कोशात तो नोंदवला आहे. आज चांगला म्हणजे रूपापेक्षा गुणाचा, आणि जुना चांग राहिला तो जोतिबाच्या 'चांगभलं'मध्ये. चांग आणि भले, दोन्ही एकत्र. उलट जुन्या मराठीत 'बरवा' म्हणजे सुंदर. महानुभावांच्या गद्यात आणि ज्ञानेश्वरांच्या ओवीत तो मानाने मिरवतो. त्याच घरचा 'बरा' इतका उतरला, की स्थळ पाहून आलेल्या मामांना "मुलगा कसा आहे?" विचारावे आणि ते सुपारी कातरत म्हणावेत, "बरा आहे." एवढे ऐकले की घरातल्या बायका पुढचे स्थळ विचारू लागतात.