पावसाळ्यांतील रानभाज्या आणि शहरांतील चूल

मे महिना संपत येतो, वळवाच्या एकदोन सरी सह्याद्रीच्या पायथ्याशीं पडून जातात, आणि पाचोळ्यानें झांकलेल्या तापलेल्या जमिनींतून कांहीं चमत्कारिक दिसणारे कोंब वर डोकावूं लागतात. पान नाहीं, फांदी नाहीं. तपकिरी-जांभळट खोळींत गुंडाळलेला एक दांडा तेवढा. हेंच शेवळ. सुरणाच्या गोत्रांतील एका रानटी कंदाचें हें फूल होय. पानें मागाहून, पाऊस स्थिरावल्यावर येतात. मुरबाड, शहापूर, कर्जत, जव्हार या बाजूंच्या ठाकूर, कातकरी व वारली बायका हीं फुलें पहांटे खुडतात, पळसाच्या पानांत किंवा फडक्यांत त्यांच्या जुड्या बांधतात, आणि मिळेल त्या गाडीनें कल्याण, ठाणें, पनवेल, दादर येथील स्टेशनांबाहेर येऊन बसतात. पंधरावीस दिवस हा व्यापार चालतो. मृगाचा पाऊस चांगला लागला, कीं शेवळें संपलीं.

ऋतूचें, जवळपास पिकलेलें आणि ताजें अन्न घरीं शिजवावें, असा उपदेश हल्लीं चोहोंकडून ऐकूं येतो, आणि तो योग्यच आहे. परंतु शहरांतील पुष्कळ घरांत त्याचा अर्थ एवढाच केला जातो, कीं भाजी हिरवीगार दिसावी व स्वच्छ पिशवींतून यावी. मोबाइलवर बोट ठेवलें, कीं जून महिन्यांत मटार आणि ऑगस्टांत फुलकोबी दाराशीं हजर होते. गोठवलेला मटार वाईट असतो असें नव्हे. अडचणीच्या वेळीं तो उपयोगी पडतो. पण त्याला ऋतूचें अन्न म्हणणें म्हणजे पंख्याच्या वाऱ्याला मंद समीर म्हणण्यासारखें आहे! खरें ऋतूचें अन्न स्टेशनाबाहेरच्या त्या फडक्यावर पडलेलें असतें, आणि नेमकें तेंच ओळखणारीं माणसें दिवसेंदिवस कमी होत चाललीं आहेत.

या भाज्यांची ओळख म्हणजे केवळ नांव ठाऊक असणें नव्हे. शेवळाचेंच उदाहरण घ्यावें. शेवळाच्या जुडीबरोबर विकणारी बाई मूठभर हिरवीं, गोल, आवळ्याहून लहान अशीं फळें देते. तीं काकडाचीं फळें. काकड हा आपल्या पानझडी रानांतला वृक्ष; त्याचीं आंबट-तुरट फळें आणि शेवळें एकाच सुमारास हातीं लागावींत, हा निसर्गाचा योगायोग मोठा सोयीचा आहे. ज्यांना हें ठाऊक नाहीं अशा गिऱ्हाइकांशीं होणारे संवाद बाजारांत दरसाल ऐकूं येतात.

“मावशी, ही जुडी द्या, तीं फळें नकोत,” असें एखादी तरुण गृहिणी म्हणते.

“काकडाबिगर शेवळं न्यायची नाय, ताई. घसा धरंल आन् मंग माझ्या नांवानं बोटं मोडशील.”

“घरीं आमसुलें आहेत कीं.”

“मंग चालंल. पन तो खालचा पिवळा भाग काढून टाकशील ना? कापायच्या आधीं हाताला तेल लाव, हां.”

पाककृतींच्या पुस्तकाला अर्धें पान लागेल तेवढें ज्ञान या चार वाक्यांत आलें; आणि तें विकणारीनें फुकट दिलें. त्यामागचें कारण असें. शेवळ, सुरण, अळू या सर्वांच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झॅलेट नांवाच्या द्रव्याच्या अतिसूक्ष्म, सुईसारख्या स्फटिकांच्या जुड्या असतात. कच्ची वा अर्धीकच्ची भाजी तोंडांत गेली, कीं या सुया जिभेंत व घशांत रुततात, तीच खाज. म्हणून खाजऱ्या भाजीला आंबट पाहिजे आणि ती पुरती शिजली पाहिजे, हा नियम आपल्या आज्यांनीं सूक्ष्मदर्शक यंत्रावांचून शोधून काढला. अळूला चिंच, सुरणाला चिंच किंवा आमसूल, शेवळाला काकड. शेवळाची बाहेरची खोळ काढावी, आंतील दांड्याच्या बुडाशीं असलेला दाणेदार पिवळा भाग टाकून द्यावा, उरलेला भाग बारीक चिरून तेलावर चांगला परतावा, आणि मग ठेंचलेल्या काकडांचें पाणी गाळून त्यांत तो शिजूं द्यावा. घाई येथें मुळींच उपयोगाची नाहीं. गूळ, तिखट, ओलें खोबरें हें ज्याच्या त्याच्या रीतीप्रमाणें. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या घरीं शेवळांत कोलंबी किंवा खिमा पडतो, आणि त्या घरांत या भाजीचा मान एखाद्या पक्वान्नाएवढा असतो; शाकाहारी घरांत सोललेल्या वालाच्या डाळिंब्या घालतात. दोन्ही प्रकार उत्तम. चवीची तुलना करून भांडण लावण्यांत अर्थ नाहीं.

पाऊस सुरू झाल्यावर पहिला मान टाकळ्याचा. विदर्भांत यालाच तरोटा म्हणतात. मेथीच्या पानासारखें पान, परंतु पानांच्या तीन जोड्या, आणि संध्याकाळ झाली कीं हीं पानें मिटतात. ही त्याची खूण लहान मुलांनाही दाखवितां येते. टाकळा कोठेंही उगवतो, आणि हाच त्याचा गुण व हाच त्याचा दोष. माळावरचा, शेताच्या कडेचा टाकळा खुशाल खावा. पण गटाराच्या कांठचा किंवा मोटारींचा धूर खात वाढलेला टाकळा फुकट मिळाला तरी घेऊं नये. पान कोवळें असतांनाच, म्हणजे पहिल्या दोनतीन आठवड्यांत, त्याची भाजी करावी. भरपूर कांदा, लसूण, भिजविलेली मुगाची डाळ व वरून खोबरें, एवढें पुरें. जून पानाला उग्र दर्प येतो व तें कडवट लागतें. पुढें श्रावण-भाद्रपदांत त्यालाच पिवळीं फुलें व मग लांब शेंगा धरतात. त्यांतील बिया भाजून कॉफीच्या ऐवजीं वापरतात, हें पुष्कळांना माहीत नसतें.

फोडशी किंवा कुळूची भाजी न ओळखणाऱ्याला गवतच वाटेल. लांब, हिरवीं पातीं व बुडाशीं पांढरा भाग. पात्यांच्या बेचक्यांत माती फार असते, म्हणून तीनचार पाण्यांनीं धुवावी. मधला चिवट दांडा काढून टाकावा. मग कांदा व हरभऱ्याची डाळ घालून परतावी, किंवा पिठांत कालवून तिच्या वड्या कराव्या. भारंगीचा प्रकार निराळा. तिचीं पानें कडू. तीं उकडून, पाणी पिळून टाकून, वालाबरोबर शिजवितात. पाणी टाकल्यानें कांहीं सत्त्व जातें खरें, आणि आहारशास्त्रज्ञ त्याबद्दल हळहळतीलही. पण कडूपणा न गेल्यामुळें सगळी भाजीच मोरींत जाण्यापेक्षां तें बरें. पावसाळा ओसरतांना भारंगीला निळसर फुलें येतात, त्यांचीही भाजी होते.

बांबूच्या कोंबांविषयीं मात्र स्पष्ट सांगितलें पाहिजे. कोवळ्या कोंबांत असे पदार्थ असतात, कीं ज्यांपासून सायनाइडचें विष मुक्त होतें. रानांतील बायका कोंब पातळ चिरून रात्रभर पाण्यांत ठेवतात, पाणी बदलतात, आणि उघड्या भांड्यांत चांगले उकळून तेंही पाणी फेंकून देतात. या कृतींतील एकही पायरी गाळतां कामा नये. शहरांतल्या माणसाला नवा पदार्थ करून पाहण्याचा उत्साह असतो, आणि कृति वाचण्याचा कंटाळा असतो. या दोहोंची गांठ बांबूच्या कोंबावर पडूं नये. तीच गोष्ट स्वतः रानांत जाऊन भाजी खुडण्याची. ज्या कुंपणावर जुलैंत कर्टोलीचा वेल चढतो, त्याच कुंपणावर कळलावीही चढते. कळलावीचें फूल अग्निज्वाळेसारखें सुंदर, पण तिच्या सर्वांगांत, आणि विशेषतः कंदांत, कोल्चिसिन नांवाचें जीवघेणें विष असतें. फूल येण्यापूर्वीं ती ओळखणें नवख्याचें काम नव्हे. म्हणून पहिलीं कांहीं वर्षें तरी भाजी विकत घ्यावी, विकणारीलाच कृति विचारावी, आणि तिनें “नाय” म्हटलें तर हुज्जत घालूं नये. ज्यांना मूतखड्याचा विकार आहे त्यांनीं अळू व इतर ऑक्झॅलेटयुक्त पालेभाज्या वैद्याच्या सल्ल्यानेंच खाव्या.

कर्टोलीच्या वेलांत नर व मादी निराळे असतात. हौसेनें बंगल्याच्या आवारांत एकच वेल लावून वर्षानुवर्षें फळाची वाट पाहणारीं कुटुंबें आहेत! कर्टोलीं कोवळीं, आंतील बी मऊ असतांना घ्यावींत, आणि चकत्या करून तेलावर परतावींत. ज्या मुलांना कारलें पुढें आलें कीं रडूं येतें, तीं कर्टोलीं आनंदानें खातात.

आतां या भाज्यांच्या मागें जें उभें आहे, त्याकडे वळलें पाहिजे. कातकरी कुटुंबांपैकीं पुष्कळशीं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर घरीं परततात. भात आवणीचें काम मिळेपर्यंत आणि तें संपल्यानंतर कापणी येईपर्यंत घरांत धान्य थोडें व रोजगार त्याहून थोडा. अशा दिवसांत रान हेंच कोठार. तेथून आधीं स्वतःच्या मुलांच्या ताटांत भाजी येते, आणि उरेल ती शहरांत जाऊन मीठमिरची व तेल यांचे पैसे मिळवून देते. म्हणून दहा रुपयांसाठीं शेवळाच्या जुडीवर घासाघीस करणाऱ्यानें, त्याच पिशवींत परदेशी फळ दर न विचारतां टाकलें आहे काय, हें एकदां पाहावें. 2006 सालच्या वनहक्क कायद्यानें वनवासी समाजाचा गौण वनोपजावरील हक्क मान्य केला, आणि त्यांत कंदमुळांचा व बांबूचाही अंतर्भाव आहे. परंतु हक्क कागदावर मिळाला तरी रान राहिलें पाहिजे. टेंकडीचें सपाटीकरण होऊन तेथें घरें बांधलीं गेलीं, कीं शेवळाचा कंद त्याखालीं जातो. शेताच्या बांधावर तणनाशक फवारलें, कीं ज्याला शेतकऱ्याची आई कालपर्यंत भाजी म्हणत होती तें आज तण ठरतें, आणि कुर्डू, टाकळा, घोळ हीं सारीं एका दिवसांत पिवळीं पडतात. शिवाय अलीकडे या भाज्यांना शहरांत मागणी वाढली आहे, तीही सर्वस्वीं इष्ट नाहीं. फोडशी पात्यांनिशीं खुडली तर पुढच्या वर्षीं पुन्हां फुटते; घाईनें मुळासकट उपटली तर तेथेंच संपते. शेवळ तर फूलच. त्याचा कंद जमिनींत राहतो खरा, पण रानांतील सगळींच फुलें बाजारांत गेलीं तर बी धरणार कोठून? जाणत्या बायका कांहीं फुलें राखतात. नव्या दलालांना तेवढा धीर नसतो.

या बाबतींत आशेच्या जागाही आहेत. अकोले तालुक्यांतील कोंभाळणें गांवच्या राहीबाई पोपेरे यांनीं वाल, घेवडे, भाज्या व धान्यें यांचीं स्थानिक बियाणीं घरच्या घरीं मडक्यांतून व पेट्यांतून जतन केलीं, इतर बायकांना वांटलीं, आणि त्या कार्याबद्दल त्यांना 2020 सालीं पद्मश्री जाहीर झाली. शाळेचें तोंड न पाहिलेल्या या बाईंनीं जें राखलें, तें शिकल्यासवरल्या घरांच्या स्वयंपाकघरांतून केव्हांच नाहींसें झालें होतें. राज्याच्या कृषि-खात्यातर्फें ऑगस्टाच्या सुमारास रानभाज्यांचे महोत्सवही भरतात. तेथें नुसत्या भाज्या पाहून परत येणाऱ्यांपेक्षां, शिजविलेल्या भाजीची चव घेऊन कृति विचारणाऱ्या गृहिणी अधिक असाव्यात, एवढीच अपेक्षा.

आपल्या सणवारांनीं हा ऋतुक्रम पंचांगांत आधींच लिहून ठेवला आहे. आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, कांदाभजीं व झुणका खाऊन चातुर्मासापुरता कांद्याचा निरोप घेतात. चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्याला वांग्याचें भरीत होतें आणि वांगें पुन्हां पानावर येतें. भोगीला हरभरा, पावटा, वांगीं, गाजरें, तीळ आणि बाजरीची भाकरी. थंडींत जें शेतांत तयार तेंच त्या भाजींत. परंतु रानभाज्यांचा खरा दिवस ऋषिपंचमी. त्या दिवशीं बैलाच्या श्रमानें पिकलेलें कांहीं खावयाचें नाहीं. म्हणून अळू, माठ, सुरण, भेंडी, पडवळ, भोपळा, मक्याचीं कणसें हीं परसांतलीं व हातानें लावलेलीं पिकें एकत्र शिजवितात. हिला फोडणी नको, मसाला नको. ज्याच्या त्याच्या चवीवर ती उभी राहते. आदल्या संध्याकाळीं दादरच्या बाजारांत त्या भाज्यांचे वांटे लागतात, भाव एका रात्रीपुरते दुप्पट होतात, आणि एरवीं माठाकडे न पाहणारे गृहस्थही पिशवी घेऊन रांगेंत दिसतात. त्यानंतर रानांतल्या बायका थोड्याच दिवस येतात. कधीं भारंगीचीं फुलें, कधीं उशिराचीं कर्टोलीं, कधीं नुसता कंद. मग भात पिवळा होऊं लागतो, कापणीचीं बोलावणीं येतात, आणि स्टेशनाबाहेरची त्यांची जागा रिकामी होते.