जुन्या मोटारीची बैठक

शिवणाचें यंत्र बिघडलें तर लोक तें दुरुस्त करून घेतात. घड्याळ फारच जुनें झालें तर नवें आणतात. जुन्या मोटारगाडीची गोष्ट मात्र निराळी आहे. तिचा मालक तिच्या रंगावर, तिच्या आवाजावर आणि सर्वांत अधिक तिच्या बैठकीवर जीव टाकीत असतो. बैठक म्हणजे गाडी आपल्या चार चाकांवर किती उंच व कशी बसली आहे तें. दोन माणसांच्या बसक्या स्पोर्ट्स कारचें अर्धें सौंदर्य या बैठकींत असतें. म्हणूनच जुनी स्पोर्ट्स कार हातीं आली कीं, तिच्या मागच्या कमानी बदलून तिला इंच-दीड इंच खालीं बसवावी, असा मोह पुष्कळांना होतो. हा मोह गैर नव्हे. पण त्यांत डोळ्यांच्या सुखाबरोबर गाडींत बसणाऱ्यांचा व रस्त्यानें जाणाऱ्यांचा जीवहि गुंतलेला असतो, हें ध्यानांत घेतलें पाहिजे.

या विषयाला एम्. जी. बी. या इंग्रजी गाडीइतकें बोलकें उदाहरण दुसरें क्वचितच मिळेल. एम्. जी. हीं अक्षरें ऑक्सफर्ड येथील मॉरिस गॅरेजेस या पेढीच्या नांवावरून आलीं. हा कारखाना १९२९ सालीं ॲबिंग्डन या गांवीं गेला आणि १९८० सालीं तेथील मोटारींचें काम थांबलें. जॉन थॉर्नली हे व्यवस्थापक व सिड एनेव्हर हे मुख्य अभियंते असतांना १९६२ सालीं एम्. जी. बी. बाजारांत आली. एंजिन १७९८ घन सेंटिमीटरचें, आणि वेगळा सांगाडा न ठेवतां पत्र्याच्या घडणींतूनच बळकट केलेलें अंग, अशी तिची रचना होती. अठरा वर्षांत अशा पांच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या आणि त्यांपैकीं पुष्कळशा अमेरिकेंत गेल्या.

अमेरिकेंत गेल्या म्हणूनच त्यांच्या नशिबीं एक विचित्र फेरबदल आला. १९७० नंतरच्या दशकांत तेथील सरकारनें मोटारींच्या सुरक्षिततेचे नवे नियम लागू केले. हलक्या टकरींत गाडीचे दिवे वगैरे भाग मोडूं नयेत एवढे बंपर भक्कम असावेत, बंपर व दिवे ठराविक उंचीवर असावेत, अशा अटी आल्या. गाडीचें तोंड पुन्हां नव्यानें घडविणें खर्चाचें होतें. तेव्हां १९७४ च्या अखेरीस कारखान्यानें चकचकीत लोखंडी बंपर काढून काळे, रबरी आवरणाचे जड बंपर बसविले आणि सगळी गाडीच सुमारें एक इंच उंच केली. त्यांतच खर्च वांचविण्यासाठीं १९७५ च्या नमुन्यांतून पुढचा कलरोधक दांडाहि वगळण्यांत आला. गाडी वळणावर पूर्वीपेक्षां अधिक झुकूं लागली. १९७७ च्या नमुन्यांत पुढें व मागें असे दोन दांडे बसवून या दोषाचें कांहींसें परिमार्जन झालें. उंची मात्र शेवटपर्यंत तशीच राहिली. नियमाचा हेतु चांगला होता. परंतु तो पाळण्याची स्वस्तांतली तऱ्हा गाडीच्या गुणांवर बेतली.

एका इंचानें असें काय बिघडतें, असा प्रश्न कोणीहि विचारील. त्याचें उत्तर साध्या हिशेबानें देतां येतें. गाडी वळण घेते तेव्हां तिचें कांहीं वजन आंतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातें. किती जातें, तें गुरुत्वमध्याची उंची आणि डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर यांच्या प्रमाणावर अवलंबून असतें. या गाडींत हें अंतर सुमारें एकूणपन्नास इंच आहे. वळणावरील बाजूचा जोर गाडीच्या वजनाच्या निम्मा धरला, तर उंची एक इंच वाढल्यानें गाडीच्या वजनाचा आणखी शंभरावा हिस्सा बाहेरच्या चाकांवर जाईल. हें प्रमाण मोठें नाहीं. तेव्हां नुसत्या उंचीला दोष देऊन भागत नाहीं. खरी मेख मागच्या आंसाच्या रचनेंत आहे.

ज्यांनीं टांगा पाहिला आहे, त्यांना ही रचना चटकन् समजेल. एम्. जी. बी.च्या मागें एक अखंड आंस आहे. त्याच्या दोन्ही टोकांना चाकें व मध्यें दंतचक्रांची पेटी असते. हा आंस दोन कमानींवर बसविलेला आहे. प्रत्येक कमान पोलादी पाट्यांच्या थराची. तिचें पुढचें टोक गाडीच्या अंगाला एका खिळीनें जोडलेलें आणि मागचें टोक झुलत्या कडीला अडकविलेलें. या कमानीवर तीन कामें एकदम पडतात. ती वजन तोलते, आंसाला आपल्या जागीं धरून ठेवते आणि एंजिनाचा व ब्रेकचा पीळ सोसते. म्हणून कमान बदलणें म्हणजे केवळ गादी बदलणें नव्हे. आंसाला धरणारा हातच बदलण्यासारखें तें आहे.

आतां गाडी वळणावर झुकली कीं काय घडतें तें पहावें. बाहेरची कमान दबते व सपाट होते. आंतली कमान सुटते व अधिक वांकते. आंस कमानीच्या पुढच्या खिळीहून बराच खालीं असेल, तर कमान सपाट होतांना बाहेरचें चाक किंचित् मागें सरकतें आणि आंतलें चाक किंचित् पुढें येतें. म्हणजे अखंड आंस थोडा तिरका होतो आणि मागचीं चाकें वळणाच्या बाहेरच्या दिशेला तोंड करतात. चालकानें चक्र जितकें फिरविलें असेल त्याहून गाडी अधिक वळूं पाहते आणि तिची शेपटी बाहेर जाऊं लागते. अधिक वांकाच्या कमानी घालून गाडी उंच केली कीं हा दोष वाढतो. उलट कमान जवळजवळ सपाट बसली, तर चाकांचें हें मागें-पुढें सरकणें अगदीं थोडें होतें. गाडी खालीं आणल्यानें ती रस्ता धरून चालते असें लोक म्हणतात, त्यामागचें एक मोठें कारण हेंच होय.

मागची बाजू खालीं आणण्याचे मार्ग मुख्यतः दोन आहेत. पहिला मार्ग स्वस्तांतला. या गाडींत आंस कमानीच्या वर बसतो. तेव्हां कमान व आंस यांच्या मध्यें धातूचा ठोकळा घालून लांब आंकड्यांनीं तें सर्व आवळलें कीं गाडी ठोकळ्याच्या जाडीइतकी खालीं येते. परंतु कमानीवरील भार पूर्वीइतकाच राहतो, म्हणून तिचा वांकहि पूर्वीइतकाच राहतो. म्हणजे दिसण्यापुरतें काम होतें; आंसाच्या तिरकेपणाचा दोष मात्र बव्हंशीं तसाच राहतो. दुसरा मार्ग कमी वांकाच्या नव्या कमानी बसविण्याचा. त्याला पैसा अधिक लागतो; पण गाडीची उंची व कमानीचा कोन हीं दोन्ही एकाच वेळीं सुधारतात. ज्याला गाडी केवळ प्रदर्शनांत उभी करावयाची नसून चालवावयाची आहे, त्यानें दुसराच मार्ग धरावा.

मार्ग कोणताहि धरला तरी एक किंमत द्यावी लागतेच. गाडी जितकी खालीं येते, तितकी आंस व त्याच्यावरील रबरी ठोकळा यांच्यामधली मोकळी जागा कमी होते. हा रबरी ठोकळा मोठ्या खड्ड्यांत आंस अंगावर आदळूं नये म्हणून ठेवलेला असतो. समजा, मोकळी जागा तीन इंच होती व ती दोन इंच झाली. पूर्वीइतकाच धक्का दोन इंचांत जिरवावयाचा, तर कमान सव्वादोन पट ताठ असावी लागेल. कारण धक्का जिरविण्याची शक्ति दबण्याच्या वर्गाप्रमाणें बदलते, आणि तिनाचा वर्ग नऊ तर दोहोंचा चार होतो. सव्वादोन पट ताठ कमानीवर बसून प्रवास करणें पाठीच्या कण्याला मानवणारें नाहीं. कमान मऊच ठेवली, तर आंस वारंवार ठोकळ्यावर आपटेल. आणि तो भर वळणावर आपटला, तर तें चाक एकदम ताठ होऊन रस्त्यावरची पकड सोडील. यासाठीं एक इंच उतरविणें हें शहाणपण आणि तीन इंच उतरविणें हा हट्ट, असें समजावें.

शॉक ॲब्सॉर्बरविषयीं एक गैरसमज फार पसरलेला आहे. गाडी मागून बसली कीं लोक म्हणतात, शॉक ॲब्सॉर्बर गेले. वस्तुतः वजन तोलणें हें त्याचें काम नाहीं. कमान एकदां दबली कीं ती झोपाळ्याप्रमाणें हेलकावत राहूं नये, म्हणून तेलाच्या अडथळ्यानें तो हेलकावा थोपविणें एवढेंच त्याचें काम. एम्. जी. बी.ला मुळांत दांडीचे शॉक ॲब्सॉर्बर होते. एक लहान दांडी खालींवर होते व पेटींतलें तेल बारीक छिद्रांतून ढकलते. त्यांत तेल भरलेलें असेल व तें गळत नसेल, तर ते साध्या प्रवासाला पुरेसे असतात. त्यांच्या जागीं नळीचे, दुर्बिणीसारखे लांब-आंखूड होणारे शॉक ॲब्सॉर्बर बसविण्याची सोय पुष्कळ दुकानदार पुरवितात. त्यांचा जोर कमी-अधिक करतां येतो, हा लाभ खरा. परंतु बसलेली जुनी कमान त्यांनीं वर उचलली जाणार नाहीं.

मागचा विचार करतांना पुढचें विसरूं नये. मागची बाजू खालीं आणून पुढची तशीच ठेवली, तर गाडी नाक वर करून चालते. दिव्यांचा झोत समोरच्या चालकाच्या डोळ्यांत जातो. पुढच्या चाकांचा आधार मागें कलतो व चक्र जड होतें. कलरोधक दांड्याचेंहि तसेंच. पुढचा दांडा गाडीचा कल कमी करून तिला सरळ जाण्याकडे झुकवितो. मागचा दांडा तिची शेपटी बाहेर जाण्याची प्रवृत्ति वाढवितो. म्हणून एकटा मागचाच दांडा बसविणें धोक्याचें. आधीं पुढचा, मग गरज भासली तर मागचा, हाच क्रम योग्य.

या कामाला हात घालण्यापूर्वीं मालकानें प्रथम मोजपट्टी घ्यावी. चारहि टायरांत हवा सारखी भरून, गाडी सपाट जागीं उभी करून, चाकाच्या मध्यापासून त्याच्या वरच्या मडगार्डाच्या कडेपर्यंतचें अंतर चारहि ठिकाणीं मोजून लिहून ठेवावें. जमिनीपासून मोजूं नये. टायर झिजले असतील तर तें माप फसवितें. जुन्या गाडींत डाव्या-उजव्या बाजूंचीं मापें बहुधा वेगळीं निघतात, कारण ज्या बाजूला चालक एकटा बसून हिंडला ती कमान अधिक थकलेली असते. अशा वेळीं दोन्ही कमानी एकदमच बदलाव्या. नव्या कमानींच्या टोकांतील रबरी बुश आवळावयाचे, ते गाडी पुन्हां चाकांवर उतरवून तिचें सर्व वजन कमानींवर आल्यानंतरच. गाडी टांगलेली असतांना ते आवळले, तर रबराला कायमचा पीळ बसतो, गाडी उंच राहते आणि रबर लवकर फाटतें. शेवटीं ब्रेकची रबरी नळी ताणली जात नाहीं ना, धुराची नळी आंसाला घासत नाहीं ना, हें पाहावें. हीं कामें चालू असतां गाडी नुसत्या जॅकवर ठेवून तिच्याखालीं कोणींहि शिरूं नये. भक्कम घोड्यांचा आधार द्यावा.

आतां राहिला मूळ रूपाचा प्रश्न. जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानें २०१२ सालीं ट्युरिनची सनद मान्य केली. ऐतिहासिक वाहनांचें मूळ स्वरूप जपावें आणि बदल करणें भागच असेल तर तो शक्य तितका थोडा व पुन्हां पूर्ववत् करतां येण्याजोगा असावा, अशी त्या सनदेची वृत्ति आहे. या कसोटीला कमानींचा बदल सहज उतरतो. जुन्या कमानी तेल लावून, कापडांत गुंडाळून माळ्यावर ठेवाव्या. पुढच्या मालकाला वाटल्यास तो त्या पुन्हां बसवील. अंगाचा पत्रा कापून किंवा जोडून केलेला बदल मात्र परत फिरवितां येत नाहीं. केलेला फेरबदल विमा उतरविणाऱ्या कंपनीलाहि कळवावा; अपघातानंतर तो उघडकीस आला, तर हक्काची भरपाई हातची जाण्याचा संभव असतो.

एका परीनें पाहतां, १९७४ नंतरची एम्. जी. बी. खालीं आणणारा मालक नवें कांहींच करीत नाहीं. एनेव्हर व त्यांच्या सोबत्यांनीं जी उंची मुळांत योजिली होती, तिच्याकडे तो गाडीला परत नेत असतो. त्या उंचीपर्यंत जावें व तेथें थांबावें. त्याच्याही खालीं उतरविलेली गाडी उभी असतांना देखणी दिसेल. पण गाडीची परीक्षा उभ्यानें होत नाहीं. पावसांत भिजलेल्या वळणावर, शेजारीं घरचें माणूस बसलेलें असतां, चारहि चाकें रस्त्याला धरून राहिलीं, तर मोजपट्टी घेऊन केलेले ते सर्व श्रम कारणीं लागले असें समजावें.