बॉयकॉट : एका इंग्रजी शब्दाचा अर्थ आणि उपयोग



इंग्रजी शब्द शिकण्याची आपल्याकडची रीत ठरलेली आहे. वहीच्या डाव्या बाजूस इंग्रजी शब्द, उजव्या बाजूस मराठी अर्थ, आणि मध्ये एक उभी रेघ. अमरावती-अकोल्याच्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी असेच शब्द पाठ केले. त्यात वाईट काही नाही. परंतु ती रेघ थोडी फसवी असते. दोन्ही बाजूंचे वजन सारखेच आहे, असे ती भासविते. ते तसे नसते, हे आज आम्ही एकाच शब्दावरून दाखविणार आहोत. तो शब्द ‘बॉयकॉट’. वहीत त्याच्यासमोर लिहिलेले असते : बहिष्कार.

या शब्दात ‘बॉय’ नाही आणि ‘कॉट’ही नाही. आपला प्रांत कापसाचा म्हणून कोणी ‘कॉटन’शी नाते जुळवू पाहील, तर तेही जुळणार नाही. ते एका माणसाचे आडनाव आहे. आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभार कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट पाहत असे. १८८० साली, पिके बुडालेली असताना, कुळांनी खंडात सूट मागितली. मागितली तेवढी मिळाली नाही. उलट जमिनी सोडण्याच्या नोटिसा निघाल्या. कुळांनी दंगा केला नाही. त्यांनी बॉयकॉटशी व्यवहार सोडला. शेतावरचे मजूर गेले, घरचे नोकर गेले, दुकानदार माल देईना. ऐन वेचणीच्या दिवसांत कपाशीच्या शेतात एकही वेचणारीण येऊ नये, अशी कल्पना करा, म्हणजे त्या माणसाची स्थिती ध्यानात येईल. अखेर उत्तर आयर्लंडातून सुमारे पन्नास स्वयंसेवक आणि त्यांच्या रक्षणासाठी शेकडो सैनिक आले. सुमारे पाचशे पौंडांचे पीक काढण्यासाठी दहा हजार पौंड खर्च झाला, असे सांगतात. डिसेंबरात बॉयकॉटने आयर्लंड सोडले. त्याचे नाव मात्र मागे राहिले.

नाव राहिले कसे, तेही ऐकण्यासारखे आहे. अशा वागणुकीला इंग्रजीत ‘ऑस्ट्रसिझम’ हा भारदस्त शब्द होताच. प्राचीन अथेन्सचे नागरिक खापरीच्या तुकड्यावर नाव कोरून माणसाला हद्दपार करीत, त्यावरून तो आला. पण तो शेतकऱ्यांना कळणार कसा? तेव्हा तेथील फादर जॉन ओमॅली या पाद्र्याने सुचविले की, सरळ ‘बॉयकॉट करणे’ म्हणावे. रेडपाथ या अमेरिकन पत्रकाराने ही हकिकत लिहून ठेवली आहे. शब्द लोकांना समजावा म्हणून घडला, आणि म्हणूनच तो टिकला. पाहता पाहता फ्रेंच, जर्मन, रशियन या भाषांनीही तो उचलला.

आता उपयोगाकडे वळू. माल महाग म्हणून आपण घेतला नाही, तर ते बॉयकॉट नव्हे. एकट्याने रुसून सभेस न जाणे हेही बॉयकॉट नव्हे. अनेकांनी मिळून, उघडपणे, एखादा अन्याय दूर व्हावा किंवा निषेध नोंदला जावा म्हणून व्यवहार सोडावा लागतो. इंग्रजीत हा शब्द नाम आहे आणि क्रियापदही आहे. माणूस, माल, सभा, निवडणूक यांपैकी काहीही त्याचे कर्म होऊ शकते. मराठीत आपण बहिष्कार ‘घालतो’ किंवा ‘टाकतो’.

येथेच ती उभी रेघ फसविते. बहिष्कार म्हणजे बाहेर करणे. बॉयकॉटमध्ये मी स्वतः दूर होतो; बहिष्कारात मी दुसऱ्याला बाहेर काढतो. आपल्याकडे हा शब्द कॅप्टन बॉयकॉटच्या कितीतरी आधीपासून होता, आणि तो जातीच्या पंचायतीत नांदत होता. वाळीत टाकणे, रोटीबेटी तोडणे, हुक्कापाणी बंद करणे हे त्याचे सगेसोयरे.

१९०५ साली बंगालची फाळणी झाली आणि विलायती मालावरील बॉयकॉटला ‘बहिष्कार’ हे नाव देऊन स्वराज्य, स्वदेशी व राष्ट्रीय शिक्षण यांच्या पंक्तीस बसविण्यात आले. लोकमान्यांचे सहकारी दादासाहेब खापर्डे अमरावतीचे. तेव्हा वऱ्हाडाला हा नवा अर्थ शिकावयास दूर जावे लागले नाही. १९२० च्या असहकारात तो कायदेमंडळे, न्यायालये व सरकारी शाळा यांनाही लागला. पुढे १९२६ साली अकोल्यास प्रतियोगी सहकारितेचा पक्ष उभा राहिला, तेव्हाचा वाद हाच होता : दूर राहावे कोठवर, आणि आत जाऊन काम करावे कोठपासून?

परंतु जुना अर्थ मेला नव्हता. १९२७ च्या एप्रिलात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पत्र काढले, त्याचे नाव ‘बहिष्कृत भारत’. त्याच वर्षी नोव्हेंबरात अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी अमरावतीस परिषद भरली, तिचे अध्यक्ष तेच होते. ज्या नगरीत बहिष्कार हा देशभक्तीचा शब्द झाला, त्याच नगरीत देवीच्या दाराबाहेर ठेवलेली माणसे त्याचा दुसरा अर्थ भोगीत होती. गोलमेज परिषदेसाठी बाबासाहेबांनी जो मसुदा दिला, त्यात १९२२ च्या ब्रह्मदेशातील कायद्याच्या आधारे बॉयकॉटची व्याख्या होती : घर वा जमीन न देणे, कामावर न ठेवणे, देणेघेणे तोडणे, नेहमीचे संबंध सोडणे. कोशकाराला जे साधले नाही, ते त्यांनी साधले. बॉयकॉट दुबळ्यावर उलटला म्हणजे काय होते, हे त्यांनी कलमांत मांडले.

मेयोच्या कुळांकडे जमीन नव्हती, सत्ता नव्हती. होते ते फक्त स्वतःचे श्रम, आणि तेच त्यांनी काढून घेतले. गाव जेव्हा एका घराचे पाणी, किराणा आणि मजुरी तोडते, तेव्हा कृती बाहेरून तशीच दिसते, पण बळ उलट बाजूस असते. म्हणूनच महाराष्ट्राच्या विधिमंडळाला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. तो २०१७ पासून अमलात आहे.

तेव्हा शिक्षकांना आमची एक विनंती आहे. वहीत ‘बॉयकॉट’समोर ‘बहिष्कार’ अवश्य लिहू द्या. पण त्याखाली मुलांकडून दोन वाक्येही लिहून घ्या. एक, दुबळ्यांनी बलवानाशी व्यवहार सोडल्याचे. दुसरे, बलवानांनी दुबळ्याला वाळीत टाकल्याचे. मग विचारा : कोणी, कोणावर आणि कशासाठी? या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या मुलाला देता येतील, त्याला तो शब्द आला असे समजावे. उद्या गावात कोणी ‘बहिष्कार घाला’ म्हणून उठला, तर तो मुलगा हात वर करण्यापूर्वी हेच तीन प्रश्न विचारील.