लेझमीच्या कपाटाची किल्ली
(हीरक महोत्सवी माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



शाळेच्या लेझीम पथकाविषयी आणि ते जवळजवळ चाळीस वर्षे सांभाळणाऱ्या गृहस्थांविषयी मी आज बोलावे, असे संयोजकांनी सुचविले. हे गृहस्थ या शाळेत शिक्षक नव्हते, कार्यकारिणीवर नव्हते, कोणत्याही कागदावर त्यांची नेमणूक झालेली नाही. आम्ही सारे त्यांना काका म्हणतो. परवानगी मागायला मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा त्यांनी एकच अट घातली. "नाव घ्यायचं नाही. घेतलंस तर मी उठून जाईन." ते आज मागच्या रांगेत बसले आहेत आणि उठून जाण्याची त्यांची तयारी मला इथूनही दिसते आहे. तेव्हा नाव घेत नाही. ज्यांना ओळखायचे ते ओळखतीलच.

काका भंडारा जिल्ह्यातले. भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला आणि 1959 साली पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, त्यानंतरच्या वर्षांत नागपूर, भंडारा, गोंदिया या बाजूंनी कितीतरी तरुण रेल्वेने इकडे आले. डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग ही स्टेशने त्यांना परकी वाटली नाहीत. 1956 पर्यंत हा सारा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या एकाच प्रांतात होता. काकांना रेल मिलमध्ये नोकरी लागली. मोठा मुलगा शाळेत आला, त्या वर्षी लेझीम शिकविणारे कोणी नव्हते, म्हणून "तात्पुरते" ते मैदानावर उभे राहिले.

त्यांनी शिकविलेले हात आपल्यापैकी अनेकांना अजून आठवत असतील. चार आवाज, आठ आवाज, दो रुख, आगे फलांग, पीछे फलांग. महाराष्ट्रातल्या मुलांना हे हुकूम हिंदीत का, असा प्रश्न पडतो. सांघिक कवायतीचे हुकूम हिंदीत बांधणारे बडोद्याचे राजरत्न माणिकराव हेही महाराष्ट्राबाहेर राहणारे मराठी माणूसच होते. भिलाईत मात्र हा प्रश्न कोणाला पडला नाही. घरी मराठी, रस्त्यावर छत्तीसगढी, मैदानावर हिंदी, ही आमची रोजचीच रीत.

अडचण होती ती वाद्यांची. हलगी वाजविणारा इथे मिळेना. ग्रामोफोनवर लेझीम होत नाही. खेळणाऱ्याचा दम पाहून ठेका चढवावा किंवा उतरवावा लागतो, आणि ते काम माणसाचेच. काका सायकलने आसपासच्या गावांत हिंडले आणि लग्नात गंडवा बाजा वाजविणाऱ्या एका मंडळीला घेऊन आले. गुदुम, डफडा, ताशा आणि मोहरी! पहिल्या दिवशी दोन्ही बाजूंची फजितीच झाली. त्यांचा ठेका आमच्या पायांत बसेना, आमची फलांग त्यांच्या लयीत येईना. आठवडाभराने मात्र असा मेळ जमला की पुढे शिवजयंतीच्या मिरवणुकीत आमचे पथक आवाजावरूनच ओळखू येऊ लागले. सांगलीच्या चारशे लेझीमपटूंनी 1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धांच्या उद्घाटनात लेझीम गाजविली, हे आपण अभिमानाने सांगतो. सांगायलाच हवे. पण गुदुमच्या तालावर लेझीम खेळणारी मुले आमच्या मैदानावर होती, हेही कुठे तरी लिहून ठेवले पाहिजे, म्हणून आज सांगतो.

मी पथकात होतो तेव्हा काका मला फक्त हुकूम देणारे म्हणून दिसत. बाकीचे पुढे स्वतः पालक झाल्यावर कळले. लेझमीच्या चकत्या गळतात, साखळीची कडी उघडते, दांड्याला चीर जाते आणि मुलांच्या तळहातात कुसळ शिरते. गळलेल्या चकत्या ते डालड्याच्या डब्यात जमवीत आणि रात्रपाळी नसेल त्या दिवशी अंगणात बसून नव्याने ओवीत. दांडे काचकागदाने घासून तेल पाजीत. मिरवणूक सुरू झाली की मुलांच्या चपलांची पोती तेच सांभाळीत. म्हणूनच शाळेच्या कार्यालयात टांगलेल्या पथकाच्या एकाही छायाचित्रात ते नाहीत. मिरवणूक संपली की मुलींना एकेक करून सेक्टरमधल्या घरी पोचवायचे, दार लागल्याचा आवाज आला की मगच सायकल पुढे न्यायची. आईवडिलांनी मुलींना पथकात पाठविले ते लेझमीच्या प्रेमाने नव्हे, त्या सायकलच्या भरवशावर. माझ्या बहिणीला पाठविले ते तरी नक्कीच.

काकांचे हे काम समजून घ्यायला मला बाहेरची उदाहरणे मदतीला आली, आणि ती लांबची नाहीत. राजनांदगावजवळच्या रवेली गावचे दाऊ मंदराजी आठवा. दाऊ म्हणजे आपल्याकडचे पाटील किंवा मालगुजार. त्यांचे मूळ नाव दुलारसिंह साव, जन्म 1911 चा. आपल्याकडे झाडीपट्टीत जशी खडी गंमत आणि दंडार, तसा छत्तीसगढात नाचा; रात्रभर चालणारा, गावच्या माणसांनी गावापुढे करायचा. त्या विखुरलेल्या कलावंतांना एकत्र करून मंदराजींनी रवेलीची नाचा पार्टी बांधली आणि चिकाऱ्याच्या जागी हार्मोनियम आणली. घरची शेती होती, ती या नादापायी गेली. 1984 मध्ये ते वारले तेव्हा त्यांच्यापाशी काही उरले नव्हते. आज छत्तीसगढ शासन लोककलेसाठी त्यांच्या नावाने सन्मान देते. ही गोष्ट सांगताना लोकांचे डोळे भरून येतात. माझे मन मात्र त्यावर संतुष्ट होत नाही. माणूस एकटा रिता होईपर्यंत गावाने टाळ्या वाजवायच्या आणि मागाहून त्याच्या नावाने पुरस्कार द्यायचा, यात गावाची शोभा काय?

दुसरे दाऊ आपल्याला आणखी जवळचे. दुर्गला लागून असलेल्या बघेरा गावचे रामचंद्र देशमुख. आडनाव ऐकून आपली मंडळी त्यांना मराठी समजतात. माझ्या वडिलांनी तर एकदा त्यांचे मूळ गाव वऱ्हाडात कुठे, अशी चौकशी चालविली होती! ते अस्सल छत्तीसगढी कुर्मी शेतकरी. नाचाला नीट वळण लागावे म्हणून 1950 च्या सुमारास त्यांनी एक मंडळ स्थापन केले. या परंपरेतले कलावंत पुढे 1958 मध्ये हबीब तनवीर यांच्याबरोबर दिल्लीला गेले, आणि छत्तीसगढी रंगभूमीची कीर्ती जगभर झाली. त्यानंतर 7 नोव्हेंबर 1971 रोजी बघेऱ्यात देशमुखांनी 'चंदैनी गोंदा'चा पहिला प्रयोग केला. गोंदा म्हणजे आपला झेंडू. चंदैनी गोंदा हा त्यातला लहान फुलांचा. शेतकऱ्याच्या सुखदुःखाची कथा लोकगीते आणि लोकनृत्ये यांत गुंफलेली. गावोगावचे गायक, वादक, नर्तक हुडकून त्यांनी हा मोठा ताफा जमविला. त्यात राजनांदगावचे भैयालाल हेडाऊ होते. हे आडनाव विदर्भातल्या विणकरांच्या वस्तीत ऐकू येणारे आहे. सत्यजित राय यांच्या 'सद्गती'तला गोंड त्यांनीच रंगविला.

एवढी माणसे वेळेवर गोळा करायची, त्यांचे रुसवे काढायचे, रात्री जेवू घालायचे आणि प्रयोगानंतर घरी पोचवायची. हे ज्याने केले असेल त्यालाच कळते की नाचणे हा त्यातला सोपा भाग आहे. देशमुखांचे मला सर्वांत मोठे वाटते ते मात्र वेगळेच. त्यांनी आपल्याभोवती अशी माणसे जमविली की ते बाजूला झाल्यावरही चंदैनी गोंदा थांबला नाही. संगीतकार खुमानलाल साव यांनी तो पुढे कित्येक वर्षे चालविला. साव पेशाने शाळामास्तर. 2015 चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला आणि 2019 मध्ये ते गेले. शाळेच्या व्यासपीठावरून बोलताना मला त्यांच्या मास्तरकीचा उल्लेख मुद्दाम करावासा वाटतो.

आणि धनोऱ्याचे देवदास बंजारे? पंथी हे सतनामी समाजाचे, गुरु घासीदासांच्या स्मरणार्थ होणारे नृत्य. मांदर आणि झांज यांच्या वाढत्या लयीवर नर्तक एकमेकांच्या खांद्यावर चढून मनोरे रचतात. बंजारेंनी ते परदेशांपर्यंत नेले. 2005 साली रस्त्यावरच्या अपघातात त्यांचा अंत झाला. त्यांचे गाव इथून किती जवळ! तरीही माझ्या शालेय जीवनात त्यांचे नाव मी वर्गात ऐकले नाही. ऐकले ते काकांच्या तोंडून. एका रविवारी त्यांनी आम्हांला पंथी पाहायला नेले आणि परतताना एवढेच विचारले, "पाय पाहिलेत का त्यांचे? वरचा मनोरा सगळे पाहतात."

आता थोडे अप्रिय बोलतो. माझ्या वेळी पथकात चाळीस मुलेमुली होती. गेल्या शिवजयंतीला अकरा होती. पटसंख्या घटली आहे, हे खरे; मुले इंग्रजी शाळांत गेली, तरुण मंडळी पुण्या-बंगळुरूला गेली, हेही खरे. परंतु अकराच का, हा प्रश्न मी काकांना विचारला तेव्हा त्यांनी मुलांना दोष दिला नाही. "मुलं येतात रे. संध्याकाळी त्यांना घरी सोडणारं कोणी नाही. माझ्या गुडघ्यांनी सायकल सोडली." अकरा मुले निवडली ती शाळेजवळ राहतात म्हणून. दुरून येऊ इच्छिणाऱ्या नऊ जणांना त्यांनी स्वतः नकार दिला होता, आणि ती नऊ नावे त्यांच्या वहीत पत्त्यांसकट लिहिलेली होती. चाळीस वर्षांत आपल्यापैकी कोणी त्यांना "काका, यंदा मी सोडतो मुलांना," असे म्हटले नाही. मीही म्हटले नाही. सत्काराची शाल कोणत्या रंगाची घ्यावी यावर आम्ही मागच्या बैठकीत अर्धा तास चर्चा केली, तेव्हाही म्हटले नाही.

शाल काकांनी नाकारली. त्याऐवजी त्यांनी मला दोन वस्तू दिल्या : ती वही आणि लेझमीच्या कपाटाची ही किल्ली. वहीत गंडवा बाजाच्या मंडळींचाही पत्ता आहे. जुने वाजविणारे आता नाहीत, त्यांचा नातू वाजवितो. सत्तावीस लेझमी आहेत, त्यांतल्या बारा दुरुस्तीला आल्या आहेत. मला स्वतःला कडी ओवता येत नाही, ते मी काकांना सांगितले. ते म्हणाले, "मलाही येत नव्हती."

येत्या रविवारी सकाळी आठ वाजता मी कपाट उघडणार आहे. ज्यांच्याकडे पक्कड असेल त्यांनी ती आणावी, ज्यांच्याकडे गाडी असेल त्यांनी संध्याकाळच्या फेरीसाठी आपले नाव वहीत लिहावे. नऊ मुलांच्या घरी मी उद्याच जाणार आहे. मी उशिरा पोचलो तर कोणीही कपाट उघडावे, म्हणून किल्ली शाळेच्या कार्यालयात ठेवतो आहे. कुलूप जुने आहे, जरा अडते. किल्ली आत घालून किंचित वर उचलावी, मग फिरते, असे काकांनी सांगितले आहे.