बुडत्या जहाजाचा धनी कोण?

(भिवंडी येथे पक्षाच्या कार्यकर्त्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



इटलीच्या किनाऱ्याजवळ १३ जानेवारी २०१२ च्या रात्री ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे विलासी प्रवासी जहाज जिल्यो बेटाच्या खडकावर आदळले. जहाजावर चार हजारांहून अधिक माणसे होती. त्यांपैकी ३२ दगावली. बेटाला जहाजाचा ‘सलाम’ द्यावयाचा म्हणून कप्तान फ्रांचेस्को स्केत्तिनो याने ते किनाऱ्याच्या नको तितके जवळ नेले होते. धडकेनंतर जहाज सोडण्याचा हुकूम देण्यास त्याने तासाहून अधिक वेळ घालविला आणि प्रवासी आत अडकलेले असताना तो स्वतः होडीतून निघून गेला. या अपघातातील शेवटचा मृतदेह मुंबईकडच्या एका वेटरचा होता. जहाज मोडण्याच्या वेळी, नोव्हेंबर २०१४ मध्ये, म्हणजे जवळजवळ तीन वर्षांनी तो हाती लागला. विलासी जहाजांवरील विलास ज्यांच्या श्रमावर चालतो, त्यांच्यापैकीच तो एक होता.

स्केत्तिनोला १६ वर्षांची शिक्षा झाली आणि २०१७ मध्ये ती कायम झाली. ती योग्यच होती. परंतु जहाजाच्या कंपनीचे काय झाले? कंपनीने १० लाख युरोंचा दंड भरण्याची तडजोड २०१३ मध्ये केली आणि तिच्यावरील फौजदारी कारवाई तेथेच थांबली. असे ‘सलाम’ त्यापूर्वीही झाले होते. ते चालत आले कसे, हा प्रश्न कप्तान तुरुंगात गेल्याने सुटत नाही.

या विषयासाठी इटलीपर्यंत जाण्याचीही गरज नाही. १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्याला महिनाही उरला नसताना, भाऊच्या धक्क्यावरून सकाळी रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली. सुमारे सातशे माणसांपैकी सहाशेहून अधिक बुडाली. आषाढ अमावास्येचे दिवस. गावी निघालेले चाकरमानी, बायका, मुले, किरकोळ व्यापारी अशी बोट भरली होती. पावसाळी लाटेने बोट कलली, घाबरलेले लोक एका बाजूला धावले आणि काही क्षणांत सारे संपले. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हते. मुंबईपासून काही मैलांवर शेकडो माणसे मरत होती आणि मुंबईला त्याचा पत्ता नव्हता. रेवसकडच्या कोळ्यांनी आपल्या होड्या घालून जितक्यांना वाचविता आले तितक्यांना वाचविले. कप्तान वाचला, आणि साहजिकच सर्वांची बोटे त्याच्याकडे वळली.

ही बोट कोणा गोऱ्या साहेबाच्या कंपनीची नव्हती, हेही येथे सांगितले पाहिजे. परक्या कंपन्यांशी टक्कर देण्यासाठी स्वदेशीच्या भावनेतून उभ्या राहिलेल्या आणि लोकांनी ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणून आपलीशी केलेल्या कंपनीची ती होती. याच किनाऱ्यावर ११ नोव्हेंबर १९२७ रोजी ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी एकाच वादळात गेल्या होत्या. बोटीला संताचे नाव दिल्याने वा मालक स्वदेशी असल्याने लाट मवाळ होत नाही.

कप्तान हा पगारी नोकर आहे, म्हणून त्याला पाठीशी घालावे, असा मोह काही कार्यकर्त्यांना होतो. तो मोह टाळला पाहिजे. खालच्या मजल्यावरील प्रवाशाला आकाश दिसत नाही, हवामानाचा इशारा त्याच्या कानी पडत नाही. ते सारे कप्तानाला ठाऊक असते. ज्याच्या हाती हुकूम आहे त्याच्याकडून हिशेब मागावा लागतोच. प्रश्न एवढाच आहे की हिशेबाची वही त्याच्या नावापाशी मिटवावयाची काय?

६ मार्च १९८७ रोजी बेल्जियमच्या झेब्रुगे बंदरातून ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही फेरीबोट पुढचे दरवाजे उघडे ठेवूनच निघाली आणि उलटली. १९३ माणसे मेली. (बोटीच्या नावातील ‘मुक्त उद्योगा’चा जयघोष लक्षात घेण्याजोगा आहे!) दरवाजे बंद करणारा खलाशी झोपला होता, आणि कप्तानाला आपल्या जागेवरून दरवाजे दिसतच नव्हते. ते मिटले की नाहीत हे दाखविणारा एक साधा दिवा बसवावा, अशी मागणी त्याच कंपनीच्या कप्तानांनी आधी केली होती. कंपनीच्या कचेरीत तिची थट्टा झाली. अपघातानंतर मात्र तो दिवा बसविण्यास वेळ लागला नाही. चौकशीत व्यवस्थापनावर कठोर ताशेरे ओढले गेले. तरीही कंपनीवरील मनुष्यवधाचा खटला १९९० मध्ये कोसळला.

आता १७ मे २०२१ चा दिवस आठवावा. ‘तौक्ते’ चक्रीवादळ येत असल्याचे हवामान खात्याचे इशारे आधीच निघाले होते. मुंबईच्या समुद्रातील तेलक्षेत्रात काम करणारे ‘पी-३०५’ हे बार्ज मात्र बंदरात परतले नाही. ते तेथेच नांगरून राहिले. नांगर तुटले, बार्ज भरकटले आणि बुडाले. त्यावर २६१ माणसे होती. ‘वरप्रदा’ या टगबोटीवरील बळी धरून ८० हून अधिक माणसे त्या वादळात गेली. बचावलेल्या मुख्य इंजिनियरने सांगितले की वादळ तास-दोन तासांत निघून जाईल, असे कप्तानाचे म्हणणे होते. आणि जीवरक्षक तराफे पाण्यात टाकू गेले तेव्हा बहुतेक फुटके निघाले. गुन्हा नोंदला गेला तेव्हा त्यात प्रथम नाव आले ते त्या वेळी बेपत्ता असलेल्या कप्तानाचे.

कप्तानाचा निर्णय चुकला असेल, भयंकर चुकला असेल. पण ते तराफे एका रात्रीत फुटले नव्हते. बार्ज एकाचे, कंत्राट दुसऱ्याचे, तेलक्षेत्र तिसऱ्याचे आणि मजूर चौथ्याने पुरविलेले, अशी ती साखळी होती. पावसाळा तोंडावर आला की समुद्रातील बांधकामाचे दिवस संपत येतात आणि उरलेल्या प्रत्येक दिवसाला पैशाचे मोल चढते. अशा वेळी बार्ज मागे नेणारा कप्तान शहाणा ठरतो की कामचुकार, हे वादळ नव्हे, कंत्राटदार ठरवितो. वादळ वळून गेले असते, तर फुकट दिवस घालविल्याचा ठपका त्याच्यावरच बसला असता.

सुरक्षिततेसाठी कप्तानाने घेतलेल्या निर्णयात मालकाने आडवे येऊ नये, असे आंतरराष्ट्रीय सागरी नियम सांगतात. कागदावर कप्तान समुद्रातला राजा असतो. प्रत्यक्षात पुढचे काम मिळेल की नाही या चिंतेने ग्रासलेला नोकर असतो. १८७० च्या दशकात इंग्लंडात कुजक्या, अतिभाराने लादलेल्या जहाजांवर जाण्यास नकार देणाऱ्या खलाशांना तुरुंगात टाकीत. सॅम्युएल प्लिमसोल याने त्यांच्यासाठी पार्लमेंट हलवून सोडले आणि १८७६ च्या कायद्याने जहाजाच्या अंगावर भाराची मर्यादारेषा आखावी लागली. त्या रेषेने कप्तानाला हाती धरता येण्याजोगे काही दिले: पाणी रेषेवर चढले की निघावयाचे नाही. तेव्हा दोन मागण्या एकत्रच कराव्या लागतील. ज्याला कप्तान नेमण्याचा आणि काढण्याचा अधिकार आहे, त्याने आरोपीच्या पिंजऱ्यात कप्तानाशेजारी उभे राहावे. आणि धोका पाहून थांबणाऱ्याची नोकरी कायद्याने राखली जावी. पहिली मागणी सभेत टाळ्या घेते. दुसरीसाठी संघटना लागते, म्हणून ती मागे पडते.

भिवंडीला ही साखळी परकी नाही. सूत व्यापाऱ्याचे, माग दुसऱ्याचा, शेड भाड्याची आणि विणणारा उत्तर प्रदेश, बिहार वा तेलंगणातून आलेला. त्याची मजुरी मीटरवर. शेडला आग लागली तर मुकादम सापडतो, सुताचा धनी त्या शेडचा पत्ताही ठाऊक नसल्याचे सांगू शकतो. रात्रपाळीत तारेतून ठिणगी उडताना पाहून एखाद्या कामगाराने माग बंद केले, तर त्या रात्रीचे कापड विणले जात नाही आणि मजुरी त्याचीच बुडते. ती मजुरी भरून मिळाली पाहिजे, आणि ती सुताच्या धन्याकडून वसूल झाली पाहिजे. यंत्रमाग कामगारांच्या मागणीपत्रकात हे कलम बोनसच्या आधी यावयास हवे.